चिंचेवरचं मोहोळ

अवसरीच्या चांगदेवानं त्या साली पहिल्यांदाच ठिबक बसवलं आणि अर्धा एकर काकडी लावली. पाणी, खत, औषध, सगळं घड्याळ लावून. बांधावरच्या चिंचेला आग्या मोहोळ लागलं, तेव्हा त्याची बायको धोंडाबाई म्हणाली, "असू द्या की. आपल्याला काय करत्यात?"

"आन् उद्या बायामानसांना चावल्या म्हंजी?" असं म्हणत त्यानं त्याच संध्याकाळी टेंभा लावून मोहोळ जाळलं.

पुढं वेल फुलांनी पिवळेजर्द झाले, पण काकडी काही धरेना. बोटाएवढी व्हायची आणि सुकून गळायची. चांगदेवानं दोनदा औषध मारलं, बियाणंवाल्याशी भांडण काढलं. शेवटी शेतकी खात्याचे साहेब आले, वेलांमधनं हिंडले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडं एक मधमाशी दिसत नाही. फळ धरणार कसं?"

दुसऱ्या दिवसापासून नवराबायको उजाडताच रानात. नराचं फूल तोडायचं आणि मादीच्या फुलावर अलगद घासायचं. दुपारपर्यंत कंबर मोडायची, तरी दोन सऱ्या पुऱ्या व्हायच्या नाहीत.

आठव्या दिवशी कुठूनशी एक माशी आली आणि वाकलेल्या चांगदेवाच्या मानेवर बसली. धोंडाबाईनं झटकायला पदर उचलला.

"राहू दे गं," चांगदेव मान न हलवता म्हणाला. "चावली तर चावू दे. तेवढा हक्क हाय तिचा."