लिफ्टवाल्या आजोबांचा फोन

“यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही,” लिफ्टवाल्या आजोबांनी छाती पुढे काढून जाहीर केलं, “पण हा फोन आता नुसता फोन राहिलेला नाही. सूनबाईनं त्याच्या पोटात अख्खा कॉम्प्युटर घातलाय. काल मी जरासा खोकलो, तर यानं विचारलं, गरम पाणी ठेवू का?”

“बाबा, त्यातून साधं हॅलो ऐकू येत नाही,” मुलगा म्हणाला. “खोकला कसला विचारतोय!”

“म्हणून तर म्हटलं, विश्वास बसणार नाही.”

मुलानं नव्या फोनचं कोरं करकरीत खोकं टेबलावर ठेवलं.

आजोबांची उभी हयात दोन कामांत गेली होती. लिफ्ट दुरुस्त करण्यात आणि थापा मारण्यात. त्यांच्या हातची एक लिफ्ट म्हणे सहा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर जाऊन आली होती. वर हवा छान होती. पण कुणाचे सरळ आभार मानायचे म्हटलं की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. जेवण आवडलं की ते म्हणत, “खालच्या मजल्यावरची माणसं वास घ्यायला जिन्यात उभी आहेत.” घरच्यांनी काय ते समजून घ्यायचं.

फोन जुना होता. कंपनीनं त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. एकेक अ‍ॅप ‘आता इथे चालणार नाही’ म्हणू लागलं. मुलगा म्हणाला, टाकून द्या. सून म्हणाली, थांबा.

तिचं ऑफिस नुकतंच बंद पडलं होतं. मुलाखत देऊन ती घरी येई आणि पर्स खुंटीला अडकवता अडकवता म्हणे, “मला आता काही येतच नाही, बाबा.” त्या दिवशी मात्र तिनं फोन हातात घेतला आणि लॅपटॉप उघडला. मोठा कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची प्रणालीच, काटछाट न करता, या एवढ्याशा डबीत बसवायची असं तिनं ठरवलं.

आतली कुठली तार कुठे जाते, हे कंपनीनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. हाच फोन बाळगणारे जगभरचे हौशी लोक चाचपडत शोधत होते आणि सापडलं की एकमेकांना कळवत होते. एका दंतवैद्यानं पडदा उजळवला होता. कुठल्याशा शाळेतल्या बाईंनी वाय-फाय सुरू केलं होतं. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण एकाचं दुसऱ्याच्या उपयोगी पडत होतं. बोलण्याचा आवाज मात्र अजून कुणालाच सापडला नव्हता. तो सून शोधत होती. पहिल्या खेपेला तिनं काहीतरी उलटसुलट जोडलं, तेव्हा पलीकडचा माणूस बोलला की इकडचा टॉर्च लुकलुकायचा. अर्थात हे आजोबांचं म्हणणं.

“आजचा शेवटचा प्रयत्न,” सकाळीच ती म्हणाली होती. “नाही जमलं तर बाबा, तुम्ही नवा फोन घ्या आणि मी लॅपटॉप माळ्यावर टाकते. माझ्यानं नाही होत.”

आता ती स्वयंपाकघरात होती. दार ओढून घेतलेलं. “मी आतून फोन लावते,” ती सांगून गेली होती. “थरथरला की हिरवं बटण दाबा आणि कानाला लावा.”

आजोबा फोन तळहातावर घेऊन बसले. फोन ढिम्म. पडदा काळा. मुलानं खोक्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आत भांडंसुद्धा वाजेना. थोड्या वेळानं नाक ओढल्याचा आवाज आला.

थाप मारताना फार पुढचा विचार करायची आजोबांना सवय नव्हतीच. त्यांनी तो मुका फोन कानाला लावला आणि दार ओलांडून जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, “हॅलो! हो हो, येतंय ऐकू! अगदी कानात बसून बोलतेयस असं!”

मुलानं तोंड उघडलं. आजोबांनी डोळे वटारले.

“काय म्हणतेस? आभार कसले? अगं, मानू दे की कधीतरी! हा फोन काय आणि मी काय, दोघांनाही कंपनीनं घरी बसवलेलं. तू मला रोज शेजारी बसवून घ्यायचीस. विचारायचीस, बाबा, ही तार कुठे जात असेल? मला असं कुणी विचारून किती वर्षं झाली होती, ठाऊक आहे तुला? मी आपला काहीबाही सांगायचो, आणि तू ते खरंच करून बघायचीस!” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “हा बोलला काय, न बोलला काय... माझं तर तेव्हाच भागलं होतं गं, पोरी.”

मुलानं नव्या फोनचं खोकं टेबलाच्या कडेला सरकवलं.

आणि आजोबांच्या कानाशी फोन थरथरला.

ते एवढे दचकले की फोन हातातून निसटता निसटता राहिला. पडदा लख्ख उजळला होता. त्यावर सुनेचं नाव होतं. मुलगा खो खो हसत सुटला. आजोबांचा अंगठा कसाबसा हिरव्या बटणावर पडला.

आवाज बारीक होता, जरा चरचरत होता, पण टेबलापलीकडे मुलालाही स्वच्छ ऐकू गेला.

“बाबा, शुद्ध थाप! धीर करून फोन मी आत्ता लावलाय. ते आभाराचं पुन्हा एकदा म्हणा ना, मघाशी नुसतं दारातून ऐकलं.”