मागे उभा राहणारा

लेकीने बॅटरीचं झाकण उचललं आणि मागे उभ्या असलेल्या बापाने श्वास रोखला.

मोडीत निघालेल्या विजेच्या गाडीची बॅटरी ती, चांगली पलंगाएवढी. तिच्यातले धड कप्पे वेगळे काढायचे. तेच पुढे कुणाच्या तरी दुकानात दिवे लावतात. पण काम चारशे व्होल्टचं. म्हणून कारखान्याचा नियम होता: एकाने उघडायचं, दुसऱ्याने फायबरच्या दांड्याचा लांब आकडा घेऊन मागे उभं राहायचं. पुढच्याला करंटने धरलंच, तर आकडा कमरेत अडकवून ओढायचं. हात लावायचा नाही. हात लावला की ओढणाराही चिकटला.

बापाने हे सकाळपासून दहादा घोकलं होतं. उभा जन्म त्याने याच कारखान्यात डिझेलची इंजिनं खोलली. इंजिन निदान तापतं, धूर सोडतं, बोंब मारतं. ही बया नुसती गप्प पडून होती. नेहमीचा आकडेवाला आज रजेवर, आणि "मी आहे ना!" म्हणून छाती पुढे काढणारा शहाणा हाच.

"बाबा, श्वास घ्या," लेक न वळता म्हणाली. "तुमचा आवाज बंद झाला की मला भीती वाटते."

"तू पुढे बघ."

तिने हात आत घातला. पाना एकदा फिरला, दोनदा फिरला आणि मध्येच थांबला. तिचे खांदे ताठ झाले. मान हलेना.

"बाळा?"



बाप भानावर आला तेव्हा त्याने तिला मागून दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि आकडा फरशीवर लांब जाऊन पडला होता.

"बाबा, नट पडलाय आत," ती कशीबशी पुटपुटली. "कुठे टेकलाय ते दिसेपर्यंत हलायचं नव्हतं मला. सोडा. हळूच मागे सरका."

दोघं मागे आले. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. तिने आधी आकड्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे.

"खरंच करंट असता तर?"

त्याने हात पाठीमागे नेले.

"आज आईच्या दारात आपल्या दोघांना आणलं असतं," ती म्हणाली.

 बापाने आकडा उचलला आणि तो पलीकडे गाड्यांच्या काचा काढणाऱ्या माणसाकडे गेला. सगळे त्याला खडूस म्हणत. लेकीला बढती मिळाल्यापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बापाने आकडा त्याच्यापुढे धरला.

"हा?" लेक भडकली. "बाबा, हा माझं तोंडसुद्धा बघत नाही!"

"म्हणून तर," बाप म्हणाला. "त्याचा हात पुढे येणार नाही. आकडाच येईल."