दोन हिरवे ठिपके

लाईन गेली आणि ओमेश्वरच्या तोंडून शिवी निघाली. स्क्रीनवरचे हिरवे ठिपके पटापट विझत गेले. एक गेला, मग चार गेले, मग सगळेच. संध्याकाळचं लोडशेडिंग सडक अर्जुनीत कोणाला सोडत नाही. उरले दोन ठिपके.

वर्षभर डोकेफोड करून त्यानं हे जाळं उभं केलं होतं. त्यामागे ना कंपनी, ना सरकार. फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे, गुरुजींचं घर, अशा साध्यासुध्या लोकांचेच कॉम्प्युटर. एकेक चालू कॉम्प्युटर म्हणजे एकेक हिरवा ठिपका. कोणी काही लिहिलं की ते एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फिरत फिरत सगळ्यांच्या स्क्रीनवर यायचं. लिहिणारा कोण, हे मात्र कोणालाच दिसायचं नाही, खुद्द ओमेश्वरलाही नाही.

घरच्याच स्वयंपाकघरात धान साठवायच्या ढोलीजवळ जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यावरही त्यानं ते सुरू करून दिलं आणि रुचिवहिनीला समजावलं, "धानाच्या रोवण्यात परह्याची पेंढी हातोहात जाते ना, वहिनी? शेवटच्या बाईले काय माहीत, कोनं उपटली? तसंच हे. तुम्ही फक्त चालू ठेवा."

वहिनीनं एकच विचारलं होतं. "खरंच कोनाले समजत नाही, भाऊजी?"

"आईची आन, वहिनी."

लोकांनी आधी टवाळक्या केल्या. सरपंचाच्या टकलावर चार दिवस गेले. मग एक दिवस एक ओळ आली: 'मला मारतात. पाठीवर मारतात, म्हणजे दिसत नाही.' पाठोपाठ तशाच आणखी आल्या. ओमेश्वर त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. कोण असेल ही बाई? कुठल्या घरातली? मदत करायची तर जायचं कुठे? आपल्याच हातानं बांधलेल्या भिंतीवर तो डोकं आपटत होता.

जेवताना त्यानं मोठ्या भावाला सांगितलं. गुणवंता मान वर न करता म्हणाला, "लोकायच्या घरात कायले डोकावतेस बे? जेव चूपचाप."

ओमेश्वर जेवला. भावाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. वडील गेले तेव्हा तो चड्डीत होता. भावानं त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, बोडीत पोहायला शिकवलं, स्वतः शेतात राबून त्याला इंजिनियर केलं. देवमाणूस! एक खोड तेवढी वाईट. शेतातून आला की टीव्ही असा मोठा लावायचा की पलीकडच्या मोहल्ल्यालाही बातम्या ऐकू जाव्यात. ओमेश्वर कानांवर हेडफोन चढवायचा आणि कामाला लागायचा. दिवसभर राबणाऱ्याची तेवढी हौस, आपण काय बोलावं?

आता घर शांत होतं. लाईन नव्हती, टीव्ही नव्हता. त्यानं बसवलेल्या छोट्या इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालत होते.

तेवढ्यात स्क्रीनवर नवी ओळ उमटली.

'लाईन गेली की सगळे शिव्या देतात. मला बरं वाटते. लाईन नाही तर टीव्ही नाही. टीव्ही नाही तर मार नाही. माझा आवाज झाकायला त्यांना टीव्ही लागतो.'

ओमेश्वर खुर्चीवरून अर्धा उठला. ही बाई आत्ता, या घटकेला लिहून राहिली! पण अख्ख्या गावात अंधार असताना हिचा कॉम्प्युटर चालतो कसा? त्यानं ठिपके पाहिले. दोन होते. एक त्याचा स्वतःचा.

दुसरा ढोलीजवळचा.

अरे देवा! गर्दीत माणूस लपतो, एवढ्या भरवशावर त्यानं सगळं रचलं होतं. लोडशेडिंगनं गर्दीच उठवून नेली, आणि मागे त्याची वहिनी एकटी उभी राहिली. स्वयंपाकघरात कीबोर्डची टकटक होत होती. ती थांबली. मग भांड्याचा आवाज आला, नेहमीसारखा.

"आली रे आली!" गल्लीतली पोरं ओरडली.

लाईन आली. भिंतीपलीकडे भावाच्या खोलीत टीव्ही लागला, मोठ्ठ्यानं. ओमेश्वरचा हात सवयीनं हेडफोनकडे गेला आणि तिथंच थिजला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या आवाजाकडे कान दिला. बातम्यांच्या खाली आणखी काहीतरी होतं. धप्प. पुन्हा धप्प.

तो धावतच बाहेरच्या सपरीत गेला आणि मीटरखालचा मेन स्विच खाली ओढला.

टीव्ही गप झाला. गुणवंताचा हात थांबायला मात्र जरा उशीर झाला. त्या शांततेत तो शेवटचा फटका आणि वहिनीचं दाबलेलं कण्हणं साऱ्या घराला लख्ख ऐकू आलं.

गुणवंता मोबाईलचा उजेड घेऊन बाहेर आला. "मेन कायले पाडला बे?"

"आता मार, भाऊ." ओमेश्वरचा आवाज फाटला. "ऐकू जाऊ दे गावाले."

गुणवंतानं मान वळवून मागे खोलीकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज खाली आला. "कोनं सांगतलं तुले? तिनं?"

दारातून ओमेश्वरला स्क्रीन दिसत होती. गावातले कॉम्प्युटर अजून सुरू व्हायचे होते; ते दोनच हिरवे ठिपके जळत होते. त्याला आईची आन आठवली.

"कोनीच नाही सांगतलं," तो स्विचवरचा हात न काढता म्हणाला. "माही अन् तुही भिंत एकच हाय, भाऊ."