थेडी हेहिरच्या पेटीवरची जर्सी

थेडी हेहिरची शवपेटी बंद करायची वेळ झाली, तरी तिच्यावर कुठली जर्सी घालायची ते ठरेना.

लॉरकन स्वयंपाकघरातून बैठकीत जाई, पेटीतल्या बापाकडे बघे, पुन्हा स्वयंपाकघरात येई. ओतलेला चहा जागच्या जागी गार झाला होता. बाहेर अंगणात बापाचे जुने साथीदार भुरभुर पावसात बोडक्या डोक्याने उभे होते, आणि सगळ्यांच्या पुढे मर्टी. मर्टीच्या काखेत किलब्रॅक क्लबची हिरवी जर्सी. इकडे लॉरकनच्या हातात नवी, जांभळी. आमच्याकडे जो हर्लिंगचा काठी-चेंडूचा खेळ खेळला तो क्लबची जर्सी पेटीवर घेऊनच चर्चला जातो. यात वाद कधी नसतो. तो नेमका या घरात निघाला.

दोन वर्षांपूर्वी किलब्रॅक आणि नदीपलीकडचं डूनार्ड, हे जन्माचे वैरी क्लब एक झाले. हौसेने नव्हे. पोरं ऑस्ट्रेलियाला गेली, संघाला पंधरा जण जमेनात. आमचा हिरवा, त्यांचा लाल. हिरवा म्हटलं की ते उठून चालले, लाल म्हटलं की आमचे. शेवटी कोणाचाच नाही असा जांभळा पुढे आला. मतं सारखी पडली, आणि निर्णायक मत अध्यक्षाचं. अध्यक्ष लॉरकन. त्याने जांभळ्याच्या बाजूने हात वर केला. थेडी उठला आणि दारात थांबून म्हणाला, "जांभळा? आपण काय बिशप लागून गेलो, जांभळे झगे मिरवायला?"

सगळे हसले. लॉरकनही हसला. पण बाप त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नाही तो नाहीच. टेबलावर मीठ हवं असलं तरी "तुझ्या पोराला सांग" असं बायकोला, डेलियाला म्हणायचा, आणि पोरगा समोरच बसलेला. शेवटचं आजारपणही तसंच गेलं.

आता खरं बोलायचं तर हा हिरवा तरी कुठे जगाच्या आरंभापासून होता? थेडीच्या आजाच्या वेळी पिठाच्या पोत्यांचे पांढरे सदरे घालून खेळायचे. बापाच्या वेळी निळा आला. हिरवा आणला तो खुद्द थेडीने आणि मर्टीने, ऐन तारुण्यात, तोही दुकानात तेवढाच एक संच शिल्लक होता म्हणून. तेव्हा थेडीचा बाप अख्खा हंगाम मैदानाकडे फिरकला नव्हता. पण हे त्या अंगणात जाऊन सांगायची कोणाची छाती होती?

मर्टी दारात आला. त्याचे डोळे सुजले होते.

"पोरा, जांभळ्याखाली नेणार असशील, तर मी पेटीला खांदा द्यायचा नाही."

लॉरकनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हातारा खरोखरच कोलमडला होता. आणि रंगाचं काय एवढं घेऊन बसायचं, हे त्यालाही कळत होतं. पण हिरवी घातली की सारं गाव तेच म्हणणार, थेडी पोराला माफ न करताच गेला. आणि खरं काय ते लॉरकनला तरी कुठे ठाऊक होतं? तेच त्याला खात होतं.

पेटीवाल्या कॉस्टेलोने घड्याळ पाहिलं आणि हलकेच खाकरला. झाकण लावण्याआधी शेवटचा निरोप फक्त घरच्यांचा असतो. सगळे बाहेर गेले. डेलियाने दार लोटलं.

"आई, पेटीवर हिरवीच घालू या," लॉरकन म्हणाला. "बाबांच्या मनात नव्हतं ते मी आता त्यांच्यावर कशाला लादू?"

डेलिया पेटीवर वाकली. तिने नवऱ्याचा टाय सैल केला.

"वरची बटणं काढ."

आईचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटलं. तरी त्याने बटणं काढली. पांढऱ्या शर्टाच्या आत जांभळी जर्सी होती. कॉलर आत दुमडून टाचलेली. कापड धुऊन धुऊन विटलेलं.

"पहिल्याच आठवड्यात मला आणायला लावली," डेलिया म्हणाली. "प्रत्येक सामन्याला आतून घालून जायचा. म्हणायचा, पोराचं बरोबर आहे, पण मर्टीला कळलं तर तो मला जिवंत ठेवायचा नाही. जाताना हीच घाल म्हणाला, पण आतून. कॉस्टेलोला मी तोंड बंद ठेवायला सांगितलंय."

"मग मला का नाही बोलले?"

"उद्या बोलतो म्हणायचा. रोज."

लॉरकन बापाच्या छातीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. डेलिया त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग त्याने एकेक बटण लावलं, टाय नीट केला, हातातली जर्सी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि दार उघडलं.

कॉस्टेलोने झाकण बसवलं. लॉरकनने मर्टीला आत बोलावलं आणि हिरवी घालायला सांगितलं. मर्टीने ती पेटीवर पसरली, एक बाही लॉरकनने सरळ केली.

मर्टी मागे सरकून बघत राहिला. "आतून बाहेरून हिरवा होता तुझा बाप," तो म्हणाला.

लॉरकनने आईकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

"होता, काका," तो म्हणाला, आणि पेटीला खांदा द्यायला मर्टीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.