हातमोजे

“साहेब, हातमोजे नाही घातलेत?” नलूताईंना राहवेना. मालिकेतले इन्स्पेक्टर चोरीच्या घरात कसे जपून वावरतात! आणि पंचनाम्याला आलेला हा एकटा हवालदार फोडलेलं कपाट, खण, दागिन्यांचा रिकामा डबा, सगळं उघड्या हातांनी चिवडत होता.

“ते टीव्हीत हो, मावशी,” तो हसला. “इथे आता सगळीकडे माझेच ठसे.”

मेल्याला काडीची शिस्त नाही, त्या पुटपुटल्या.

मग तो आतल्या अंधाऱ्या खोलीत शिरला. तिथलं बटण देव्हाऱ्यामागे दडलेलं. नलूताईंच्या सख्ख्या भावालाही दर खेपेस चाचपडावं लागे. याने न बघता हात घातला आणि दिवा लावला.

नलूताईंनी त्याच्यासाठी आणलेली चहाची कपबशी हळूच खाली ठेवली. त्याचे ठसे आजचे की चोरीच्या दिवशीचे, आता कोण सांगणार?

“मावशी,” आतून आवाज आला, “एकट्याच राहता ना?”