चोथ्याची थालीपिठं

"हे काय टाकून राहिली तू?"

सासूबाईंनी, पद्मिनीबाईंनी, नीलांबरीचा हात कचऱ्याच्या डब्यावरच धरला. हातात ओल्या ओढणीचं गाठोडं होतं आणि त्यात गाजर, बीट, पालकाचा चोथा. दुसऱ्या हातात ज्यूसचा ग्लास. त्यातला पहिला घोट नीलांबरीच्या घशाखाली कसाबसा उतरत होता.

"आई, चोथा आहे तो. रस काढून घेतला मी."

"रस काढला म्हणून गाजर टाकून देतात का?"

नीलांबरीनं समजावून सांगितलं. ऑफिसातल्या सगळ्या जणी ज्यूस क्लेन्स करत होत्या. काही दिवस नुसते रस प्यायचे, शरीर म्हणे आतून स्वच्छ होतं. तयार बाटल्यांची किंमत ऐकून नवऱ्याचे, म्हणजे शंतनूचे, डोळे पांढरे झाले होते. म्हणून हा घरगुती कारभार. सेलमधली गाजरं, घरचा मिक्सर आणि गाळायला जुनी ओढणी.

"म्हणजे उपास," पद्मिनीबाई म्हणाल्या. "पण साबुदाणा नाही, भगर नाही, हा कसला उपास?" आणि त्यांनी गाठोडं काढून घेतलं. वाद घालायला वेळ नव्हता, बस चुकली असती. नीलांबरी नाक दाबून ग्लास रिकामा करून पळाली.

खरं तर तिचं लक्ष उपासात नव्हतंच. आदल्या दिवशी जेवताना सासूबाई शंतनूला म्हणाल्या होत्या, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. इथं माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही." खोटं नव्हतं ते. भांडी मशीन घासायचं, पोळ्या फ्रोझन यायच्या आणि बाहेर अमेरिकेतल्या या रेडमंडचा पाऊस दिवसच्या दिवस मुक्काम ठोकून असायचा. नागपुरात ज्यांच्या दारात सकाळपासून माणसांचा राबता, त्या बाई इथं खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसायच्या.

मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं, पण नीलांबरीला सासू घरात हवी होती. तिची स्वतःची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळी भिजून आलं की किल्ली सापडायच्या आधी दार उघडायचं आणि कुणीतरी "आलीस का गं?" म्हणायचं. एवढ्यासाठी ती दिवसभराच्या मीटिंगा हसत सोसायची. पण हे सासूबाईंना सांगणार कोण? सुनेनं मनातलं नवऱ्याच्या कानावर घालायचं आणि सासूनं उत्तर मुलाकरवी धाडायचं, ही पद्धत या घरात व्हिसाशिवाय दाखल झाली होती. तिनं शंतनूला सांगितलं, "आईंना थांबव ना." तो म्हणाला, "बोलतो." झालं.

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या जिन्यातच खमंग वास आला. घरात स्मोक अलार्म कोकलत होता आणि शंतनू त्याच्याखाली टॉवेल हलवत होता. त्याचं तोंड भरलेलं होतं. नागपूरहून आणलेली भाजणी आल्यापासून डब्यात पडून होती. ती आज चोथ्यात पडली होती आणि तव्यावर लालबुंद थालीपीठ चुरचुरत होतं. सासूबाईंचे हात कोपरापर्यंत पिठात आणि चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेली लगबग.

"उद्या बीट थोडं जास्त घे," त्या म्हणाल्या. "रंग चांगला येते."

मग रोजच काहीतरी होऊ लागलं. कधी चोथ्याच्या वड्या, कधी धिरडी, कधी पराठे. शेजारी राहणारी आसावरी वासावर आली आणि रोज येऊ लागली. सासूबाई तिच्याशी तासन्‌तास बोलत. नीलांबरी समोर ग्लास घेऊन बसे आणि आवंढे गिळे.

आठवड्याच्या शेवटी तिनं शंतनूला हळूच विचारलं, "आईंच्या तिकिटाचं काय झालं?"

"तुझा क्लेन्स संपेपर्यंत थांबते म्हणाली," शंतनू फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "मग बघू."

हे ऐकलं आणि क्लेन्स लांबला. ऑफिसातल्या जणी केव्हाच पिझ्झ्यावर आल्या होत्या. नीलांबरी मात्र रोज सकाळी मिक्सर लावी. दुपारी ऑफिसात चोरून सँडविच खाई आणि घरी पुन्हा ग्लास घेऊन बसे. बिटाचा वासही आता तिला नकोसा झाला होता. तरी तिनं हट्ट सोडला नाही.

शेवटी हातानंच दगा दिला. शंतनूच्या ताटातल्या थालीपिठावर लोण्याचा गोळा विरघळत होता. नीलांबरीनं नकळत तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि तोंडात टाकला. समोर सासूबाई उलथनं हातात घेऊन उभ्या.

"मोडला का उपास?"

नीलांबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोडला. आता तुम्ही जाणार. आई, नका ना जाऊ. मला तुम्ही इथं हव्या आहात."

मनातलं ती पहिल्यांदाच सरळ सासूबाईंशी बोलली होती. पद्मिनीबाईंनी उलथनं खाली ठेवलं आणि पिठाच्या हातानंच तिचा गाल पुसला.

"अगं, पण मी कुठं जाऊन राहिली? पहिली थालीपिठं केली त्याच दिवशी शंतनूला सांगितलं, राहू दे ते तिकीट, मला इथं करमायला लागलं. त्यानं सांगितलं नाही तुला?"

दोघींनी एकदमच शंतनूकडे पाहिलं. त्यानं ताट जरा स्वतःकडे ओढून घेतलं.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर हिनं ज्यूस बंद केला असता ना!"