खाडीचं नाव

जाळं झटकताना रत्नप्रभा तांडेल यांना करंगळीच्या नखाएवढा निळा खेकडा सापडला. मासेमारीच्या चाळीस वर्षांत त्यांनी असला खेकडा पाहिला नव्हता. बाटलीत घालून त्यांनी तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मृणाल मॅडमना नेऊन दिला.

दोन वर्षांच्या अभ्यासानंतर मॅडम त्यांच्या घरी आल्या. "मावशी, ही जात जगात कुणीच नोंदवलेली नव्हती. तिला तुमचं नाव देतेय."

"माझं नको बाय, आमच्या खाडीचं द्या," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी भराव टाकून ती बुजवणार आहेत. नाव तरी राहील."

मॅडमनी लॅपटॉप उघडून त्यांचं नाव पुसलं. "हळू सांगा, मावशी. एकदा छापलं की बदलता येत नाही."

रत्नप्रभाबाईंनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "आं-बे-खो-ल."